जमिनीतला चौकोन

मे महिन्यात घामावर टेप टिकत नाही.
गुडघ्यावर चिकटवलेला राखाडी मणी
दर दोन फेऱ्यांनी टपकन गळतो, टेबलाखाली घरंगळतो,
आणि कूलर लावायची सोय नाही,
पडदा हलला की बारा कॅमेऱ्यांना वाटतं
कुणीतरी आलं.

विषय क्रमांक सतरा.
कौतिका सोनकुसरे, वय एकसष्ट, तांडापेठ.
व्यवसायाच्या रकान्यात मी आधी 'गृहिणी' लिहिलं.
"काय लिवलं व?"
खोडलं. विणकर, चाळीस वर्षं.

पहिल्याच फेरीत पडद्यावर दोन बिंदू जास्तीचे.
तीस लावले होते, बत्तीस चालत आले.
अशा बिंदूंना आमच्याकडे भूत म्हणतात.
भूत म्हणजे जोडवी निघाली,
झिजून तारेइतकी राहिलेली चांदी,
इन्फ्रारेडला मात्र लख्ख.
साबण लावूनही निघेनात.
कदाचित तिला काढायचीच नसतील.
"झाकून ठेव बाप्पा, पण उपटू नोको."
मी काळी पट्टी गुंडाळली.

आठ मीटरची वाट. मधोमध जमिनीत बसवलेली प्लेट,
फरशीशी समतल, रंग किंचित वेगळा.
पाय पडला की कळतं भार किती, कोणत्या दिशेनं,
टाच टेकताना गुडघा काय वाचवतो ते.
प्लेट आहे हे सांगायचं नसतं.
सांगितलं की माणूस पाऊल जपून टाकतो
आणि ते चालणं राहत नाही, हजेरी होते.

पहिली फेरी. प्लेट चुकली.
सुरुवातीची खूण वीतभर मागे घेतली. चुकली.
पुढे घेतली. चुकली.
सातवीपासून मी वहीत नुसतं टिंब द्यायला लागले.
तिचा डावा पाय अगदी कडेपर्यंत यायचा
आणि खांदा न हलवता, नजर खाली न टाकता
पलीकडून निघून जायचा.
नऊ वेळा.

"चालता त येते मले, मंग मोजता काऊन?"
मी गुडघ्याच्या कोनाबद्दल काहीतरी बोलले,
माझं मलाच पटलं नाही.
तांब्याभर पाणी दिलं, मग विचारलं,
मावशी, त्या चौकोनावर पाय का देत नाही?

"कोनता चौकोन?"

मग बघत राहिली. बराच वेळ.

"आमच्या घरी तिथं माग होता. खड्ड्याचा.
मानूस वर, पाय खाली पावड्यावर.
रात्री लाइन गेली तरी कोनी पडलं नाही त्यात.
लेकरं रांगता रांगता वळत."
आणि आता?
"आता कायचा खड्डा. मलमा भरला, वरून टाइल.
पोरगा गाडी लावते तिथं."
तांब्या तसाच हातात.
"मी अजून वळून जातो का व?"

दुपारी सगळ्या वाटेवर एकच निळी चटई अंथरली,
प्लेटच्या कडेनं ब्लेडनं कापून घेतली.
गेली की सरळ. पहिल्याच फेरीत.
आलेखाचे दोन उंचवटे, मधे खळगा,
पुस्तकात छापतात तसा.
"आता बरोबर चाल्ली ना मी?"
हो, म्हटलं.
रिक्षाचे पैसे घेतले, पावतीवर सही केली,
बोटावरची पट्टी स्वतःच सोडली
आणि सवयीनं घडी घालून मला परत दिली.

सोमवारी खानझोडे सर म्हणाले, छान, उरलेल्या नऊ काढून टाका.
काढायला बसले तेव्हा दिसलं:
सरळ चालीत डावा गुडघा अठ्ठेचाळीस अंश वाकतो,
दुखरा, फाइलमध्ये लिहिल्याप्रमाणे.
खड्ड्याला वळसा घालताना एकसष्ट.
नऊच्या नऊ वेळा, अंशा-दीड अंशाच्या फरकानं.

हे कुठल्या रकान्यात घालायचं मला माहीत नाही.
वेगळा फोल्डर केलाय. नाव 'माग'.
सर्व्हरवर जागा संपत आली की निरोप येतो,
नको असलेलं पुसा.
मागच्या आठवड्यात दोनदा आला.